आरशात पडलेला दात

दर शुक्रवारी सकाळी आठच्या आत आमच्या बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी शंभर-दीडशे माणसं जमायची. जिथे पूर्वी उसाच्या गाड्या तोलत, त्या लोखंडी फळीवर आता एक खुर्ची, एक स्टूल आणि काळ्या कापडाने झाकलेला माणसाच्या उंचीचा आरसा असायचा. खुर्चीवर वाकड्या तोंडाचं लेकरू बसवायचं, स्टुलावर त्याच्या आईला. मग एवारिस्तो बाबा डोळे मिटून चिरूट ओढायचा, रानतुळशीची फांदी हलवायचा आणि गाऊ लागायचा:

"हवा गं हवा, पाहुणी हवा, इस्त्रीच्या वाफेतून उठलीस हवा, फ्रिजच्या दारातून घुसलीस हवा, चल निघ आता, इथं तुला जेवण नाही."

मग रमचा एक घोट तोंडात घेऊन लेकराच्या अंगावर फवारायचा. म्हणजे अर्धा फवारायचा. उरलेला अर्धा कुठे जायचा ते त्याच्या नाकाच्या रंगावरून कळत होतं. मग कापड खाली यायचं आणि स्टुलावरची आई हंबरडा फोडायची. कारण समोर तिचं लेकरू हसत असायचं. दोन्ही ओठ, दोन्ही गाल, दोन्ही भुवया, सगळं सारखं, सगळं सरळ.

एका शुक्रवारी त्या स्टुलावर माझी आई होती आणि खुर्चीवर माझी सहा वर्षांची बहीण मैलेन.

मी मागे रांगेत उभी होते. आईला रडताना पाहिलं आणि मला काय वाटलं ते सांगते, कारण पुढची गोष्ट सांगायची तर हे लपवून चालायचं नाही. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

का, ते ऐका.

शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. एके दिवशी पहाटे सहाला वीज गेली ती दुपारी चारला आली. वीज आली की आमच्या गल्लीत काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. कुणी पंपाकडे पळतं, कुणी भाताच्या कुकरकडे. आई इस्त्रीकडे पळाली. माझा राईच्या रंगाचा स्कर्ट, मैलेनचा लाल स्कर्ट, चार सदरे. मैलेन इस्त्रीच्या टेबलाला चिकटून घामाघूम बसली होती. मध्येच उठली, फ्रिज उघडला आणि आत डोकं घालून उभी राहिली.

"मैलेन, बंद कर ते," आई ओरडली. "अंगात इस्त्रीची ऊब आहे तुझ्या."

आमच्याकडे हे दूध पिणाऱ्या पोरालाही माहीत असतं. इस्त्री केली की फ्रिज उघडायचा नाही, थंड पाण्याला हात लावायचा नाही, नाहीतर हवा शिरते आणि तोंड वाकडं होतं. आमचे गणिताचे सर त्रिकोणाची सिद्धता मागितल्याशिवाय सोडत नाहीत, पण इस्त्री केल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत तेही हात धुवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैलेनने चूळ भरली आणि पाणी उजव्या कोपऱ्यातून गळ्यावर सांडलं. ती हसली तर अर्धंच तोंड हसलं. उजवा डोळा मिटता मिटेना. आई मोरीच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, "मी केलं हे."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या दिल्या आणि निएवेसबाईंकडे पाठवलं. निएवेसबाई व्यायाम शिकवतात. पण पोरांना नव्हे, आयांना. मंगळवारी आणि गुरुवारी वाकड्या तोंडाच्या पोरांच्या आया गोल करून बसायच्या आणि बाई त्यांच्या मधोमध, दरवाजाएवढ्या रुंद, आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा.

"आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास पोर माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे तास तुमच्याकडे. मग खरी शिक्षिका कोण? तुम्ही. हात दाखवा. नखं कापा आधी, पोराचा गाल आहे तो, रताळं नव्हे."

हनुवटीपासून वर आणि कानाकडे हळू चोळायचं. आरसा पोराच्या समोर धरायचा. भुवया वर, नाक आवळ, मुका घे, हस. जी बाजू हलत नाही तिला बोटाने आधार द्यायचा, ओढायचं नाही. साबणाचे फुगे फुंकायला द्यायचे. थकेपर्यंत करायचं नाही.

"बाई, हवा शिरली की..." एकीने सुरुवात केली.

"हवेने तोंडं वाकडी झाली असती तर या गावातला प्रत्येक सायकलवाला वाकडा असता. पुढे."

मग त्या थांबल्या. मैलेनला मांडीवर घेतलं आणि तिच्या उघड्याच राहिलेल्या डोळ्याकडे बोट केलं.

"हे मात्र नीट ऐका. चेहरा थांबेल. सहा आठवडे, सहा महिने, थांबेल तो. डोळा थांबणार नाही. मिटत नाही म्हणजे तो सुकतोय. जागेपणी दर तासाला थेंब, झोपताना मलम आणि वरून पट्टी. व्यायाम एखाद दिवस चुकला तर मी ओरडेन. हे चुकलं तर मी काही करू शकणार नाही."

पप्पा कामासाठी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आई बेकरीत. तेव्हा थेंबांचं आणि आरसा धरायचं काम माझ्यावर आलं. आरसा दिवसातून तीनदा, दहा दहा मिनिटं. पहिले चार दिवस मजा वाटली. मग कंटाळा. माझ्या मैत्रिणीचा, लिसान्द्राचा पंधरावा वाढदिवस जवळ आलेला. आमच्याकडे मुलीच्या पंधराव्याला चौदा जोड्यांचा नाच असतो, आणि मी पहिल्यांदाच पुढच्या रांगेत होते. आयुष्यभर मागे उभी राहिलेली मुलगी पुढच्या रांगेत आली की तिला दुसरं काही दिसत नाही. मी मैलेनला म्हणायचे, "हस गं लवकर, मला उशीर होतो."

अशात शेजारच्या नेरेइदा काकू आल्या. त्यांना सगळं माहीत असतं.

"ओदालिस," त्या आईला म्हणाल्या, "पोरीला आरशासमोर बसवून वेडावायला शिकवतात? असली थेरं केलीस तर तोंड तसंच राहील. रोसाल्बाचा मुलगा आठव. तीन शुक्रवारांत सरळ. आणि बाबा पैशाला हात लावत नाहीत."

ते खरं होतं. बाबा पैशाला हात लावत नव्हता. तेल, साबण आणि कॉफीला लावायचा. आमच्या दुकानात साबण नसायचा तेव्हाही बाबाच्या खोलीत साबणाची भिंत होती.

आमच्या पहिल्या शुक्रवारी बाबाने सगळ्यांसमोर आईला विचारलं, "काय केलंस?"

"इस्त्री करत होते, बाबा."

"पुढे."

"पोरीने फ्रिज उघडला."

"पोरीने? फ्रिज कुणाचा? इस्त्री कुणाची? ऊब कुणाच्या हातची?"

"माझ्या."

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू जाऊ दे."

"माझ्या हातून झालं," आई म्हणाली. शंभर माणसांनी माना हलवल्या. बेकरीतल्या तिच्या दोघी मैत्रिणीही त्यात होत्या.

"आईच्या हातून गेलं," बाबा म्हणाला, "तर आईच्या डोळ्यांसमोरच परत येईल. सात शुक्रवार. हा बघ पोरीचा खरा चेहरा, हवेने पळवून या आरशात लपवलेला. मी तो थोडा थोडा बाहेर काढणार. तोपर्यंत तिने तोंड वेडंवाकडं करायचं नाही. डोळ्यात थेंब नाही, डोळ्यावर पट्टी नाही. हवेला बाहेर पडायला तेवढं एकच दार आहे."

कापड पडलं. आई रडली. माझा आरसा गेला, माझे थेंब गेले, आणि मी नाचाला वेळेवर पोचू लागले.

दुसऱ्या आठवड्यात मैलेनचा डोळा लाल झाला. तिसऱ्या आठवड्यात तो चिकटू लागला.

"ताई, डोळ्यात वाळू आहे."

"चोळू नकोस," मी म्हणाले आणि बूट घातले.

शाळेत तिला पोरं 'अर्धी' म्हणू लागली. अर्धी आली, अर्धी गेली. तिने घरी कधी सांगितलं नाही. मला तिच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, आणि मी हसले. हसले म्हणजे तोंडातून निघून गेलं. माझं तोंड सरळ होतं ना, दोन्ही बाजूंनी हसता येत होतं.

चौथ्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी दुपारी आई कॉफी गाळत होती. आई त्या दिवसांत फक्त शुक्रवारबद्दलच बोलायची.

"उद्या पुन्हा दिसेल," ती म्हणाली. "याइमारा, तू जवळून बघितलंच नाहीस. काय गोड हसते गं आरशात. समोरचे दोन्ही दात पडलेले, बोळक्यासारखं तोंड..."

"एक," मी म्हणाले.

"काय एक?"

"एकच दात पडलाय तिचा. डावीकडचा. मीच तर दोऱ्याने ओढला, मोरीच्या दाराला बांधून. उजवीकडचा आहे अजून."

"दोन्ही पडलेले होते. मी तीन शुक्रवार बघते आहे."

"मैलेन, इकडे ये. आ कर."

मैलेनने आ केला. डावीकडे खिडकी, उजवीकडे दात, घट्ट.

आई म्हणाली, "खऱ्या चेहऱ्यात पडलेला असेल," आणि कॉफीकडे वळली.

भौतिकशास्त्रात मला फार मार्क नाहीत, पण एवढं कळत होतं की हवा चेहरा पळवते तेव्हा दात उपटत नाही. मी कपाटाच्या दाराचा निखळलेला आरसा काढला. मैलेनला अंगणातल्या बाकावर बसवलं. आधी आरसा समोर धरला, नेहमीसारखा. मग तिरका. मग मला आठवलं की बाबाचा आरसा पोराच्या समोर नसतोच. तो कडेने उभा असतो, अगदी नाकाला टेकून. आणि स्टूल नेहमी पोराच्या चांगल्या बाजूला असतं. दुसऱ्या बाजूला बाबा कुणाला फिरकूही देत नाही. 'तिकडे उभं राहू नका, हवा त्या वाटेने जाते.'

मी आरशाची कड मैलेनच्या कपाळावर, नाकावर, हनुवटीवर टेकवली आणि चांगल्या बाजूने, डावीकडून, पाहिलं.

"हस."

मैलेन हसली. पूर्ण हसली. दोन गाल वर गेले, दोन डोळे बारीक झाले आणि मधोमध दोन दातांची खिडकी. चांगली अर्धी बाजू आणि तिचंच प्रतिबिंब, जोडून एक अख्खी मुलगी.

खरं सांगते, मलाही रडू आलं. महिनाभर मी तो चेहरा पाहिला नव्हता. लबाडी आहे हे कळत असताना मला आरसा बाजूला करवेना, तर आईला कसा करवला असता?

"ताई, हात दुखला का?" मैलेनने विचारलं.

मी आरसा काढला. आणि जी बाजू त्याच्या मागे होती, जिच्याकडे मी तीन आठवडे पाहिलं नव्हतं, ती पाहिली. डोळा मांसासारखा लाल होता आणि बुबुळावर, मधोमध, भाताच्या कणाएवढा करडा ठिपका होता.

मी धावत दवाखान्यात गेले. निएवेसबाईंनी ऐकलं, पिशवी उचलली आणि माझ्याबरोबर निघाल्या. आईने दार अर्धं उघडलं.

"ओदालिस, पोरीला आत्ता शहरात न्यायचं. डोळ्याच्या डॉक्टरांकडे."

"उद्या शुक्रवार आहे. उद्यानंतर."

"आई, तो आरसा खोटा आहे. मी दाखवते, बघ, दोन मिनिटं लागतील."

"मला नाही बघायचं," आई म्हणाली. "उद्या धरून चारच शुक्रवार राहिलेत. तुला आरसा धरायला कंटाळा यायचा तेव्हा मी बोलले का काही? आता शहाणपणा शिकवतेस?" आणि दार बंद.

पायऱ्यांवर निएवेसबाई बसल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान होता. "ओढून नेता येत नाही गं. तिला उद्या त्या स्टुलावर बसायचं आहे ना? मग तिथेच दाखवायचं. मी सकाळी गाडी मिळवते."

म्हणून शुक्रवारी मी लवकर उठले, बाटलीचं बूच चुलीवर जाळलं आणि माझ्या वरच्या ओठावर झोकदार मिशी काढली. फक्त डावीकडे. अर्धी. आणि तोंडाला रुमाल बांधला.

गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. बाबाने मैलेनला खुर्चीवर बसवलं, आईला स्टुलावर, आणि मैलेनवर आणि आरशावर मिळून ते काळं कापड टाकलं. मग डोळे मिटले. गाणं चालू असताना तो डोळे उघडत नाही, तो अंगात आल्याचा पुरावा. "हवा गं हवा, पाहुणी हवा..."

मी मनाई केलेल्या बाजूने फळीवर चढले, कापडाखाली शिरले, मैलेनला खुर्चीवरून उतरवून निएवेसबाईंच्या हातात दिलं आणि तिच्या जागी बसले. रुमाल काढला, नाक आरशाला टेकवलं. आरसा थंडगार होता. कापडावर रमचा फवारा आला. कापड पडलं.

आईला तिची सहा वर्षांची मुलगी दिसायची होती. तिला दिसली मी, चौदा वर्षांची, दोन्ही बाजूंनी पीळ दिलेल्या भरघोस मिशांची.

मग मागून कुणीतरी खिदळलं. बाबाने डोळे उघडले. माणूस तरबेज हं, कबूल करायला हवं. अर्ध्या श्वासात म्हणाला, "पाहा, पाहा. हवा पुरुष आहे. म्हणून इतकी हट्टी."

दोन-चार बायकांनी छातीवर क्रूसही काढला.

"पुरुष आहे तर अर्धाच का?" मी म्हणाले, उभी राहिले आणि गर्दीकडे तोंड फिरवलं. एका बाजूला मिशी, दुसऱ्या बाजूला स्वच्छ. मग पुन्हा आरशाला नाक टेकवलं. पूर्ण मिशी. पुन्हा तोंड फिरवलं. अर्धी. असं चार वेळा केलं. मला गंमत येत होती, तेही कबूल करते. आता लोक मोठमोठ्याने हसत होते.

"आई, तिचा एकच दात पडला होता. आरशाने दुसरा पाडला. ऊठ त्या स्टुलावरून. या बाजूला ये."

"तिकडे हवा आहे," बाबा गरजला.

"आणि फ्रिजबद्दल," मी म्हणाले. "आई, त्या दिवशी दहा तास वीज नव्हती. तू इस्त्री लावलीस तेव्हा ती नुकती आली होती. आपला फ्रिज आतून गल्लीपेक्षा गरम होता. त्यातून बाहेर काही आलं असेल तर माशाचा वास. थंडी नव्हतीच, आई. तू काही केलं नाहीस."

आई उठली. ती खुर्चीला वळसा घालून, ज्या जागी आजवर कुठल्याच आईने पाय ठेवला नव्हता, तिथे आली. तिथे निएवेसबाई मैलेनला घेऊन उभ्या होत्या. आईने मैलेनची हनुवटी वर केली आणि भर उजेडात तो डोळा पाहिला.

तिने मैलेनला निएवेसबाईंकडून आपल्या कडेवर घेतलं.

निएवेसबाईंनी गर्दीला विचारलं, "बहुतेक पोरांची नस काही आठवड्यांत आपली आपण सुधारते. रोसाल्बाच्या पोराची सुधारली, तेव्हा श्रेय याने घेतलं. ज्यांना जुनं दुखणं आहे अशा कुणाला याने बरं केलंय? हात वर करा."

हात वर आले नाहीत. मागून एक बाई पुढे आली. कासिल्दा तिचं नाव, नदीपलीकडची. तिच्या मुलाचं तोंड दोन वर्षांपासून वाकडं होतं.

"मला हा म्हणाला, तू पाप लपवतेस, म्हणून तुझं पोर बरं होत नाही," ती शांतपणे म्हणाली. "दोन वर्षं मी आठवतेय, मी काय लपवलं. धाकटा लहानपणी गेला त्याचंही पाप मी यात मोजलं. नवऱ्याला सांगितलं की माझ्यातच काहीतरी आहे. तो निघून गेला." तिने बाबाकडे पाहिलं. "काय लपवलं होतं मी? आता सांगा की. मागच्यांना ऐकू जाऊ दे."

बाबा म्हणाला, देवाची थट्टा झालेल्या जागी मी बसत नाही. आणि आरसा कापडात गुंडाळू लागला. तुम्हाला वाटेल लोकांनी त्याला चोपला. छे. पाच-सहा बायकांनी त्याला साबण पोत्यात भरायला मदत केली. एकीने तर विचारलं, "पुढचा शुक्रवार कुठे, बाबा?" आणि नेरेइदा काकूंनी माझ्या थोबाडीत मारली, मिशीच्या बाजूला. त्यांच्या हाताला काजळी लागली ती त्यांनी माझ्याच सदऱ्याला पुसली.

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मैलेनला दोन आठवडे ठेवून घेतलं. ठिपक्याची जखम भरली, पण तिथे पांढरं राहिलं. बुबुळाच्या अगदी मधोमध. आपण ज्याला फूल पडलं म्हणतो ते. आईने विचारलं, "दिसेल ना तिला?" ते म्हणाले, "उजेड दिसेल. सावल्या दिसतील." मग कागदावरून मान वर करून म्हणाले, "थेंब दिले नव्हते का कुणी?"

दिले होते. कपाटात जवळजवळ भरलेली बाटली होती. सील न फोडलेली दुसरीही होती.

त्यानंतर आरसा मी धरला. समोर, दिवसातून तीनदा, आणि नाचाला गेले नाही. लिसान्द्राच्या पंधराव्याला माझ्या जागी दुसरी कुणी नाचली. त्याचं कौतुक करू नका, उशिराच सुचलं होतं मला. नाताळच्या सुमाराला मैलेनची भुवई हलली. जानेवारीत ओठ. मार्चमध्ये ती हसली, आणि तुम्ही नीट पाहिलंत तरच उजवा कोपरा किंचित मागे राहतो हे कळतं.

नेरेइदा काकू दारात आल्या, तिचं हसू पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "बघ, आला की नाही चेहरा? बाबांनी बाहेर काढायला घेतलाच होता. डोळा गेला तो या तुझ्या थोरलीने थट्टा केली म्हणून." आणि ही गोष्ट आता आमच्या गावात माझ्या गोष्टीपेक्षा जास्त चालते. बाबा तीन गावं सोडून, जुन्या रेल्वे स्टेशनात बसतो असं ऐकते. शुक्रवारी आमच्याकडून ट्रकने बायका जातात, मांडीवर साबण घेऊन.

आई मात्र आता मंगळवारी आणि गुरुवारी निएवेसबाईंच्या गोलात बसते. नव्या आया आल्या की आधी ती बोलते. मैलेनला पुढे उभी करते, तिचे केस बाजूला घेते आणि म्हणते, "हे बघा. हे हवेनं केलेलं नाही. फ्रिजनं केलेलं नाही. थेंब कपाटात होते आणि मी स्टुलावर बसले होते." मैलेन एका डोळ्याने छताकडे बघत उभी असते. मला ते पाहवत नाही. मी एकदा आईला म्हटलं, तिला कशाला उभी करतेस, लहान आहे ती. आई म्हणाली, "माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवेल? डोळ्यावर ठेवतील."

म्हणून मीही साधंच सांगते. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवायला स्टुलावर बसवलं, तर उठा. ज्या बाजूला जायला मनाई आहे त्या बाजूला आधी जा. तुम्हाला जे बघायची फार इच्छा आहे तेच कुणी दाखवत असेल, तर दुप्पट नीट बघा. काही सुचलं नाही तर दात मोजा. आणि तुमच्या हातून काही झालं असं कुणी चारचौघांत तुमच्याकडून वदवून घेत असेल, तर त्याला विचारा, की तुला कसं कळलं.

परवा मैलेनच्या पडलेल्या दाताच्या जागी नवा दात आला. तिने मला हाक मारली, आरसा मागितला आणि समोर धरून घेतला. बराच वेळ बघत होती. मग मान थोडी वळवून, चांगला डोळा आरशाकडे करून, तिने बोटाने मोजलं.

"एकच आलाय," ती म्हणाली. "बरोबर आहे. एकच पडला होता."

मग तिने दुसऱ्या डोळ्यासमोर बोट नेलं, हलवलं, आणि मला विचारलं, "आणि हा कधी येणार?"